पी.पी. मन्मथअप्पा

मन्मथअप्पा स्वतःच्या मोबाईलवर आलेला फोनसुद्धा "शरणार्थ, कोण पाहिजे?" असं म्हणून घ्यायचे. समोरचा गडबडायचा. "अप्पा, तुमीच पायजे," असं त्यानं सांगितलं की अप्पांची किंचित निराशा व्हायची, असं मला कायम वाटत आलं. फोन आपल्यासाठी असतो ही गोष्ट त्यांच्या गळी कधी उतरलीच नाही. फोन दुसऱ्यासाठी असतो. आपण तो घ्यायचा, ओट्यावर उभं राहून हाक मारायची, आणि तो माणूस धापा टाकत आला की त्याच्या हातात देऊन बाजूला व्हायचं.

लातूरला शिकवणीवर्गांच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पूर्वीचं एसटीडी बूथ. काचेची केबिन अजून जागेवर होती. तिच्यात मोबाईलची कव्हरं, चार्जरच्या वायरी आणि पावसाळ्यात अप्पांची सायकल असायची. बाकी दुकानात रिचार्ज, सिमकार्ड, झेरॉक्स. अप्पा साठी ओलांडलेले, बुटके, अंगात पांढरा नेहरू शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि कान मात्र सणसणीत मोठे. वर्गाची पोरं म्हणायची, अप्पांना टॉवरची गरज नाही.

वाजत राहिलेला फोन त्यांना सहन होत नसे. कुणाचाही. एकदा महादेवाच्या देवळात आरती चालू असताना पुजाऱ्याच्या पिशवीतला फोन वाजायला लागला. अप्पांनी टाळ्या थांबवून तो काढला आणि "पुजारी आरतीत हायेत, काय निरोप?" असं विचारून घेतलं. आरती संपल्यावर पुजारी चिडला, पण निरोप पूजेच्या दक्षिणेचा निघाल्यामुळे लगेच शांतही झाला. "वाजणारा फोन म्हंजी दारात उभा ऱ्हायलेला माणूस," अप्पा म्हणायचे. "आत ये म्हणा, न्हाईतर घरी न्हाई म्हणा. पर दारात उभं ठिवू नये."

आणखी एक सवय. दुकानात कुणी घरी फोन लावला, की अप्पा गल्ला उघडा टाकून समोर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, दुकानाकडे पाठ करून. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं आपण ऐकू नये म्हणून. बूथच्या काळात लागलेली सवय ती. लातूरचं एप्रिलचं ऊन असलं तर डोक्यावर टॉवेल टाकायचे, एवढीच सवलत. मोटारसायकलवाले हॉर्न वाजवून वळसा घालून जायचे. त्या गल्लीत नवीन आलेल्याला वाटायचं म्हातारा रुसून उभा आहे.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो आमच्या ऋतुजामुळे. पोरगी दहावीला बऱ्या मार्कांनी पास झाली आणि घरात ठरलं, म्हणजे बायकोनं ठरवलं आणि मला कळवलं, की तिला लातूरला ठेवायचं. नांदेडातही वर्ग आहेत, चांगले आहेत, असं मी म्हणून बघितलं. पण मंगलच्या माहेरची दोन पोरं लातूरला राहून डॉक्टर झाली होती, आणि माझ्या बाजूचं अद्याप कुणी कंपाउंडरही झालेलं नव्हतं. त्यामुळे माझ्या मताला वजन नव्हतं. मंगल पोरीबरोबर लातूरला खोली करून राहणार, मी नांदेडला कचेरी सांभाळणार आणि शनिवारी एसटीनं पिशवीभर धुणं घेऊन लातूरला जाणार, अशी आमच्या संसाराची फाळणी झाली. खोली मिळाली ती अप्पांच्या दुकानावरची.

पहिल्या दिवशी पोरीला सोडायला मी एकटाच गेलो होतो. ऋतुजा तेव्हा सोळाची. अठराच्या आतल्या लेकराला सिम मिळत नाही, आईबापाच्या नावावर घ्यावं लागतं, असा नियम. आणि वर्गवाल्यांना संध्याकाळपर्यंत पोरीचा नंबर हवा होता. मी ऐटीत अप्पांच्या यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रानं नाकारला. पुसून ठेवला, पुन्हा नाकारला. अप्पांनी खोबरेल लावून पाहिलं, राखेनं घासायला लावलं, मग दुसरा अंगठा मागितला. दोन्ही नापास. सरकारी कचेरीत बसून जन्मभर लोकांचे अंगठे घेतले, आणि माझाच अंगठा सरकारला ओळखू येईना. नांदेडला फोन करून मंगलला सांगितलं, तर ती म्हणाली, घरात तरी कुठं उमटतोय.

अप्पांनी एकदा घड्याळाकडे, एकदा पोरीच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं, स्वतःचा अंगठा शर्टाला पुसला आणि यंत्रावर ठेवला. लगेच हिरवा दिवा लागला.

"झालं. अंगठा माझा, फोन लेकराचा."

मी जरा कारकुनी आवाजात विचारलं, की अप्पा, हे नियमात बसतं का? त्यांना माझ्या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं.

"सरकार काय विचारायलंय? ह्या फोनला जिम्मेदार कोण, एवढंच की. मी हाय. ही पीपीच समजा तुमी."

पीपी म्हणजे काय, हे ऋतुजाला समजावताना मला माझं वय कळलं. पूर्वी गल्लीत एखाद्याकडेच फोन असे आणि बाकीचे सगळे त्याचाच नंबर आपला म्हणून देत. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, अगदी कर्जाच्या कागदावरसुद्धा नंबर लिहून पुढे 'पी.पी.' घालायचं. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे, पण आम्हाला बोलावलं जाईल. त्यात लबाडी नव्हती, शेजारधर्म होता. माझ्या स्वतःच्या लग्नाची बोलणी एका किराणा दुकानदाराच्या पीपीवर झाली, आणि मी येईपर्यंत माझ्या वतीनं होकारही त्यानंच दिला. अप्पांचा नंबर असा अर्ध्या गल्लीच्या पोरांचा नंबर होता. पुढे फोन लोकांच्या खिशात गेले, पण अप्पांच्या डोक्यात पीपी तशीच राहिली. आपलं नाव लोकांनी वापरायला असतं, विहिरीसारखं.

याचा अर्थ ते नियम मोडणारे होते असा नव्हे. सिम विकण्याचा प्रत्येक नवा नियम ते सणासारखा पाळायचे. फोटोवर आडवी सही पाहिजे, असं निघालं तेव्हा ती सही नीट आडवी यावी म्हणून त्यांनी पट्टी आणून ठेवली. गिऱ्हाइकाचा जिवंत फोटो काढायचा, त्यानं डोळ्यांची उघडझाप केली पाहिजे, असा हुकूम आला, तेव्हा ते खेड्यातल्या म्हाताऱ्यांना आधी केस विंचरायला लावायचे. सरकार बघायलंय, नीट बसा, म्हणायचे. दुकानदारांची पोलीस पडताळणी निघाली, तर हे इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःहून ठाण्यात गेले. तिथले शेख हवालदार सांगायचे, आजवर पडताळणीला प्रसाद घेऊन आलेला हा पहिलाच माणूस.

आता बालाजीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येतं.

बालाजी नायगावकडचा. आमच्या कितीतरी आधी तो लातूरला शिकायला होता. त्याच्याकडे फोन नव्हता. एके दिवशी अप्पांच्या फोनवर त्याच्या गावाहून निरोप आला, की बालाजीला सांगा, बाप गेला. अप्पांनी त्याला यातलं काही सांगितलं नाही. घरी बोलावलंय, मी पण तिकडंच चाललोय, एवढंच म्हणाले. मेसमध्ये त्याला पोटभर जेवायला घातलं, दुकानाला कुलूप लावलं, आणि एसटीत त्याच्या शेजारी बसून गेले. गावाची कमान दिसायला लागली तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. मेसवाला मला हे सांगत होता तेव्हा अप्पा तिथेच होते, ते फक्त म्हणाले, "वाईट निरोप सांगायचा नसतो. नेऊन सोडायचा असतो."

दहाव्याला ते पुन्हा गेले. जाताना एक जुना बटणांचा फोन नेला, त्यात स्वतःच्या नावावरचं सिम घालून. बालाजीच्या आईला, गंगाबाईला, शेजाऱ्यांच्या फोनवरून तो नंबर लावायला शिकवला. लेकरू आता एकटं हाय, कवाबी लावा, त्याचाच वाजल, असं सांगून आले. बालाजीनं पुढे तीनदा परीक्षा दिली. नंबर लागला नाही. तो गावी परत गेला, पेट्रोल पंपावर कामाला लागला, लग्न केलं. अप्पांच्या लेखी तिथे ती गोष्ट संपली होती.

ऋतुजाच्या बारावीच्या वर्षी, एका शनिवारी दुपारी, मी धुण्याची पिशवी घेऊन दुकानात टेकलो होतो, तेव्हा शेख हवालदार साध्या कपड्यांत आले आणि त्यांनी पाणी मागितलं. एरवी ते चहा मागायचे. पाणी मागितलं तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

त्यांनी अप्पांना सरकारच्या एका संकेतस्थळावर जायला सांगितलं. तिथे आपल्या नावावर किती फोन आहेत ते दिसतं. दिसले. अप्पांनी चष्मा पुसला आणि एकेक नंबर असा वाचला जसा बाप पोरांची नावं सांगतो. ही हदगावची रेखा, डॉक्टरीण झाली, आता तिलाच लेकरू हाय. ही उदगीरची, हिचं लग्नही मीच जमवलं. हे आपलं वरचं लेकरू, म्हणजे आमची ऋतुजा. हवालदारांनी आठवण करून दिली की एका माणसाच्या नावावर नऊच्या वर चालत नाहीत.

"नवाच्या आतच हाय की मी," अप्पा समाधानानं म्हणाले.

प्रत्येक नंबरापुढे तीन पर्याय होते. हा माझा नाही. याची आता गरज नाही. हा माझा आहे. हवालदारांनी एका नंबरावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कुणाकडं आहे? अप्पांनी ओळखला, पण नाव घेतलं नाही. हवालदारांच्या बोलण्याचा रोख त्यांना आवडला नसावा.

मग हवालदारांनी सांगितलं. परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलं होतं. त्या नंबरावरून एका बाईला फसवलं होतं, आणि नंबर निघाला मन्मथअप्पांच्या नावाचा. खरं तर अप्पांना घेऊनच जायचं, पण शेखांनी साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले होते.

"अप्पा, मेरी सुनो," ते म्हणाले. "नंबर माझा न्हाई, असं दाबा." आणि मग स्वतःच थांबले. "न्हाई, ते पण जमंना. विकणारे भी तुमीच, घेणारे भी तुमीच. मग असं करा, हरवलं बोला. लई दिवस झाले, सिम हरवलं, ध्यानात न्हाई. तेवढं लिहून द्या. बाकी मी बघतो."

आणि नाही दिलं तर? ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दुसऱ्याला आपल्या नावाचं सिम देणं हाच आता गुन्हा आहे. सिम विकायची परवानगी जाईल, अप्पांवर केस लागेल, परराज्यात तारखा सुरू होतील. या वयात अटकही होऊ शकते.

मीही हवालदारांच्या बाजूनं बोललो. कचेरीतला अनुभव सांगितला, की अप्पा, 'गहाळ' या एका शब्दावर निम्मं सरकार चालतं, तुम्ही काय वेगळं करताय. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही.

"त्या फोननं केलं काय?" त्यांनी विचारलं.

हवालदारांनी थोडक्यात सांगितलं. निवृत्त शाळामास्तरीण, एकटी राहणारी. फोनवर एकानं पोलीस असल्याचं सांगितलं, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये नको ते सापडलंय म्हणाला. दिवसभर बाईला फोनवर धरून ठेवलं, दाराला कडी लावायला लावली, आणि जन्माची पुंजी पाठवून घेतली.

"अन् मग?"

"मग काय. बाई तो नंबर लावत ऱ्हायली. पत्रात लिहून आलंय. सकाळी लावायची, संध्याकाळी लावायची."

"उचलला न्हाई कुणी?"

"कोण उचलतंय, अप्पा."

अप्पा काउंटरच्या काचेकडे बघत बसले. काचेखाली जुन्या पोरांचे पासपोर्ट फोटो होते, सिमच्या अर्जांतून उरलेले. "माझ्या नावाचा फोन," ते म्हणाले. "वाजत ऱ्हायला."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळच्या एसटीनं ते बालाजीच्या गावी निघाले. मीही बरोबर गेलो. मंगलनं बजावलं होतं की म्हाताऱ्याला एकटं सोडू नका, आणि तुम्ही मध्ये काही बोलू नका. जाताना तरी दोन्ही हुकूम मी पाळले.

नायगावला बालाजीच्या घरापुढे पत्र्याच्या सावलीत त्याची छोटी मुलगी खेळत होती. गंगाबाईनं अप्पांना लांबूनच ओळखलं. लातूरचे अप्पा आले, लातूरचे अप्पा, असं म्हणत तिनं शेजारच्या दोघींना गोळा केलं, सतरंजी टाकली, पदरानं ती पुन्हा पुसली. अप्पांनी तिची, सुनेची, नातीची चौकशी केली. मग बालाजी पंपावरून आला. निळा शर्ट, डोळ्यांखाली काळं. अप्पांना बघून तो उंबऱ्यातच थांबला, आणि मला त्याच क्षणी कळलं की त्याला कळलंय.

गंगाबाई चहा ठेवायला आत गेली. अप्पांनी आवाज खाली घेऊन विचारलं, "बालाजी, त्यो फोन कुठं हाय?"

"कोणता फोन, अप्पा?"

"मी दिलेला."

बालाजीनं माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. "तुम्ही मला फोन कवा दिला, अप्पा? दुसऱ्या कुणाला दिला असंल. लई पोरं होती तुमच्याकडं."

 मला वाटतं अप्पांनी मनातल्या मनात खरंच एकदा तपासून पाहिलं असावं, की आपलीच चूक तर नाही. तेवढ्यात आतून, स्टोव्हच्या आवाजावरून, गंगाबाईचा आवाज आला.

"आरं, दिला न्हाई कसा? तुझ्या बापाच्या दहाव्याला घिऊन आले न्हवते का? हिरवं बटन मलाच दावलं की अप्पांनी." ती कपबशा घेऊन बाहेर आली. हसत होती. "त्या फोनवरच तर मी जगले दोन वर्षं. तूच नंतर बाजारात दिऊन टाकला. जुनी सिमं घेणारा माणूस आला होता तवा."

 बालाजी मान खाली घालून नखानं उंबऱ्याचं लाकूड खरवडत होता. गंगाबाईला वाटलं चहा गोड झालाय म्हणून आम्ही गप्प आहोत. अप्पांनी तो सगळा प्यायला, कप उपडा ठेवला, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. बालाजी कमानीपर्यंत मागे आला. अप्पा, दोनशे रुपयाला दिला, मला काय माहीत, असं काहीतरी पुटपुटला. माझं नाव घिऊ नका, हे मात्र त्यानं स्पष्ट म्हटलं. पंपावरून काढून टाकतील म्हणाला. पोरीची शपथ घातली.

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीशी बसले. मंगलचा हुकूम मोडून मी एकदा म्हणालो, की अप्पा, हरवलं म्हणा. त्या पोरानं तरी मुद्दाम थोडंच केलंय? तुम्हीही सुटाल, तोही सुटेल.

 मुदखेडची मोठी गाडी रुळावरून जात होती आणि आमची एसटी फाटकाशी थांबली होती.

"हरवलं म्हणलो तर आमी दोघं सुटतो," ते म्हणाले. "पर ती बाई दारातच उभी ऱ्हाती."

सोमवारी ते ठाण्यात गेले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, प्रसाद नव्हता. नंबर माझा, दिला मी, बालाजीला दिला, त्यानं बाजारात दिला, बाजारातल्या माणसाचं मला ठावं न्हाई, एवढं त्यांनी सांगितलं. शेख हवालदारांनी ते लिहून घेतलं, आणि म्हणे लिहिताना तीनदा विचारलं, की अप्पा, बालाजी म्हणायचं का 'एक मुलगा' म्हणायचं? अप्पा म्हणाले, "त्याला नाव हाय."

पुढचं झालं ते व्हायचं तसंच झालं. परराज्याचे पोलीस आले आणि बालाजीला घेऊन गेले. जुनी सिमं घेणारा माणूस त्याच्या सांगण्यावरून सापडला, त्याच्यामागचे काही सापडले, काही नाही. बाईचे पैसे थोडे परत मिळाले असं हवालदार म्हणाले. किती ते अप्पांनी विचारलं नाही. अप्पांना जामीन मिळाला, पण केस लागली. सिम विकायची परवानगी गेली. तारखेला ते तिकडे जाऊन यायचे, शिदोरी बांधून, आणि आल्यावर तिथली भाषा कशी गोड आहे ते सांगायचे. बालाजीलाही काही आठवड्यांनी जामीन मिळाला. पंपावरची नोकरी गेली होती. तो गावी थोडे दिवस राहिला आणि कामाला म्हणून हैदराबादकडे निघून गेला.

गल्लीत दोन पक्ष पडले. म्हाताऱ्यानं पोराचं नाव घ्यायला नको होतं, हा मोठा पक्ष. मी स्वतः कोणत्या पक्षात होतो हे मला आजही सांगता येत नाही. शनिवारी एका पक्षात असायचो आणि रविवारी मंगलशी बोलून दुसऱ्यात जायचो. नियम बरोबर होता, हे कळत होतं. अप्पांची पीपीही चूक होती असं म्हणवत नव्हतं. दोन्ही एकाच दुकानात मावत नव्हते, एवढं खरं.

त्या उन्हाळ्यात अप्पांनी आपल्या नावावरच्या प्रत्येक नंबराला फोन केला. आमच्या खोलीत दुकानातलं ऐकू यायचं. रेखा डॉक्टरीणबाईंना केला, उदगीरच्या पोरीला केला. ऋतुजाला मात्र जिना चढून वर येऊन सांगितलं. "बाळ, तू अठराची झालीस. आता आपलं नाव आपण लावावं." ऋतुजा रडली. माझा अंगठा या वेळीही नाकारला गेला असता, पण आता तिचा स्वतःचा होता. एकेक नंबर दुसऱ्याच्या नावावर गेला की अप्पा त्या संकेतस्थळावर जाऊन बघायचे. शेवटी त्यांचा स्वतःचा तेवढा उरला. त्याच्यापुढे 'हा माझा आहे' हे दाबताना ते जरा घुटमळले, असं मंगल सांगते.

आणि त्यांचं ते "कोण पाहिजे?" बंद झालं. फोन वाजला की आधी नंबर बघायचे. अनोळखी असला की हातात धरून बसायचे, दोन्ही हातांत, पाखरू धरावं तसा, तो थांबेपर्यंत. ते बघवायचं नाही. मी म्हणायचो अप्पा, घ्या की. ते म्हणायचे, सरकार न्हाई म्हणायलंय. हल्ली फोन लावला की आधी एका बाईचा आवाज सावध राहा म्हणून सांगतो, तो ते शेवटपर्यंत ऐकायचे, मध्ये बटण न दाबता, मोठ्या माणसानं सांगितलेलं ऐकावं तसं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खोली सोडली त्या दिवशी. ऋतुजाचा नंबर लागला होता, आयुर्वेदाला, पण लागला होता. माझ्या बाजूचा पहिला डॉक्टर. टेम्पोत भांडी चढवत होतो. मंगल वरून हुकूम देत होती आणि मी खाली चुकीची बोचकी चुकीच्या जागी ठेवत होतो. अप्पा दुकानात कव्हरं पुसत बसले होते.

रिक्षातून एक बाई उतरली. गंगाबाई. नायगावहून एकटी आली होती. मी टेम्पोच्या आडच थांबलो. तिला सगळं माहीत होतं. नाव कुणी घेतलं हे त्या भागात लहान पोरालाही माहीत होतं. अप्पा उठून उभे राहिले.  मला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही मला वाटून गेलं. ती बाकावर बसली. अप्पांनी माठातलं पाणी दिलं. ते ती प्यायली.

"बालाजी माजा फोन उचलंना," ती म्हणाली. "दोन महिने झाले. सुनेचाबी उचलंना. तुमी लावून द्या."

"माझा नंबर बगून तर मुळीच उचलणार न्हाई, अक्का."

"लावा तर."

अप्पांनी केबिनचं दार उघडलं. आतली कव्हरं आणि वायरी काढून काउंटरवर ठेवल्या, स्टूल पुसलं. गंगाबाई आत जाऊन बसली. अप्पांनी आपल्या मोबाईलवर नंबर लावला, तिच्या हातात दिला, तिचा हात धरून तो कानाशी नेला. काचेतून तिचा आवाज बारीक ऐकू आला.

"ही कोण बाई बोलायलीय?"

"सरकार बोलायलंय, अक्का. तिचं होऊ द्या. मग त्याचा वाजल."

त्यांनी केबिनचं दार ओढून घेतलं. गल्ला उघडाच होता. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर टाकून ते पायऱ्या उतरले, माझ्या अंगावरून गेले, पण मी तिथे आहे हे त्यांना दिसलं नसावं. रस्त्याच्या मधोमध जाऊन ते उभे राहिले, दुकानाकडे पाठ करून. ऊन चांगलंच होतं. आमच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, दोनदा वाजवला, आणि मग शिवी पुटपुटत त्यांना वळसा घालून गाडी काढली.